उजव्या हाताला बढती कोण देणार?

*आदरणीय मॅडम,*

*मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचा सहयोगी प्राध्यापक आहे. सव्वा वर्षापासून विभागप्रमुखपदाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे. गेल्या दोन वर्षांत आमचे तीन सहायक प्राध्यापक सोडून गेले. एक पुण्याच्या कॉर्पोरेट रुग्णालयात गेला, एकानं याच गावात स्वतःचं हॉस्पिटल टाकलं, तिसरा खाजगी महाविद्यालयात. आता चौथी म्हणते, ‘सर, मीही विचार करतेय.’ पाच वर्षांपासून आमच्याकडे आहे. अत्यंत प्रामाणिक मुलगी, माझा उजवा हात. ती गेली तर विभाग एका दिवसात कोलमडेल. इन्स्पेक्शनची सगळी माहिती तिच्याकडेच असते. पगार, कायम नेमणूक, बदल्या यांतलं काहीच माझ्या हातात नाही. मंगळवारी दुपारी फायलींवर सह्या करत बसतो तेव्हा हेच डोक्यात असतं. नुसतं ‘थांब गं’ म्हणायची आता लाज वाटते. मी करू तरी काय?*

*– एक प्रभारी विभागप्रमुख*

डॉक्टर,

तुम्हाला लाज वाटते हे वाचून बरं वाटलं. आमच्या पिढीतल्या बऱ्याच विभागप्रमुखांना ती वाटली नाही, आणि त्यांत मीही होते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडखळले. ‘इन्स्पेक्शनची सगळी माहिती तिच्याकडेच असते.’ हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. ती का चालली, याचं उत्तरही मला त्याच वाक्यात दिसतं. एमडी मेडिसिन झालेली मुलगी पाच वर्षं तुमच्याकडे आहे आणि ती नसेल तर काय अडेल? तर फायली.

माझ्याकडेही अशी एक होती. नाव सांगत नाही, गावही नाही. बायोमेट्रिक हजेरीचे तक्ते, इंटर्नल असेसमेंटचे गुण, लॉगबुकं, परीक्षेची बैठक व्यवस्था, डीनच्या कार्यालयाला ‘तात्काळ’ पाठवायची माहिती, सगळं तिच्याकडे. का? कारण ती नाही म्हणत नसे आणि काम वेळेत देत असे. तिच्या बरोबरीचा दुसरा लेक्चरर (तेव्हा आम्ही सहायक प्राध्यापकाला लेक्चररच म्हणायचो) दिलेली फाइल तीनदा चुकवून आणायचा, म्हणून चौथ्यांदा त्याला कोणी देईना. तो दुपारी ग्रंथालयात बसायचा. चार वर्षांनी त्याचे तीन पेपर झाले होते आणि तिचा एकही नाही. तिनं राजीनामा दिला तेव्हा मी म्हटलं, ‘अगं, तू तर माझा उजवा हात.’ ती म्हणाली, ‘मॅडम, उजव्या हाताला बढती मिळत नाही.’ आवाज चढवला नाही, रडली नाही. अनुभव प्रमाणपत्र मागितलं आणि गेली. तुम्ही पत्रात तोच शब्द वापरलात, म्हणून हे सांगितलं.

पगार तुमच्या हातात नाही, खरं आहे. कायम पदं लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीची वाट बघतात, आणि १२० दिवसांच्या नेमणुकांवर वर्षानुवर्षं काढलेले शिक्षक तुम्हीही पाहिलेत. नवीन महाविद्यालयं उघडली की तुमच्याकडचीच माणसं प्रतिनियुक्तीवर जातात. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात एकाच दिवशी दहा उघडली. यातलं काही तुम्ही थांबवू शकत नाही. पण विभागाचा ड्यूटी रोस्टर कोण लावतं? तुम्ही. पेपरवर नावं कोणत्या क्रमानं जाणार, यात शेवटचा शब्द कोणाचा? तुमचा. आणि एखाद्या परिषदेचं आमंत्रण आलं की आपल्याऐवजी कोणाला पाठवायचं, हे ठरवणारे? तेही तुम्हीच. एवढं हातात असलेल्या माणसानं ‘माझ्या हातात काही नाही’ म्हणू नये.

रोस्टरपासून सुरुवात करू, कारण माझ्या मते पन्नास टक्के प्रश्न तिथेच आहे.

एका पानावर विभागातल्या प्रत्येक शिक्षकाचं नाव लिहा. पुढे मागच्या सहा महिन्यांत कोणी काय केलं ते लिहा: किती ओपीडी, किती इमर्जन्सीचे दिवस, किती यूजी क्लिनिक्स (एमबीबीएसच्या मुलांना रुग्णापाशी शिकवायचे तास), किती लेक्चर्स, आणि कोणत्या समित्या, कोणत्या फायली. शेवटचा रकाना कधीच कोणी लिहीत नाही, म्हणूनच लिहा. मग ते पान स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवा. भाषण करू नका, पान बोलेल. पुढच्या सहा महिन्यांसाठी फायलींचं काम वाटून द्या, आणि सहा महिन्यांनी फिरवा. जो मुद्दाम चुकवून आणतो त्याच्याकडून पुन्हा करून घ्या. इथे तुमचा संयम सुटेल आणि ‘जाऊ दे, तिलाच देतो’ असं वाटेल. तसं वाटलं की खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून या.

दुसरं, प्रत्येक सहायक प्राध्यापकाला आठवड्यातली एक दुपार ठरवून मोकळी द्या. ‘काम नसेल तेव्हा लिही’ असं म्हणाल तर ती दुपार कधीच येणार नाही. मेडिसिनच्या वॉर्डात काम नसतं असा दिवस मी तरी पाहिला नाही. ती रोस्टरमध्ये छापलेली पाहिजे, आणि त्या वेळी वॉर्डातून फोन आला तर कोणी घ्यायचा याचं नाव शेजारीच असलं पाहिजे. नाव नसेल तर सिस्टर नेहमीप्रमाणे तिलाच फोन करणार, कारण ती उचलते. तीन युनिटं आणि चार-पाच शिक्षक असलेल्या विभागात हे बसतं. मी बसवून पाहिलंय. फक्त बदली माणूस म्हणून पहिलं नाव विभागप्रमुखाचं लागतं, नाहीतर कोणी ते गंभीरपणे घेत नाही.

आता त्या मोकळ्या दुपारचं काय करायचं? बढतीचं गणित तुम्हाला पाठ असेल, पण तुमच्या सहायक प्राध्यापकांना आहे का? विचारून पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनं सहायकाचा सहयोगी होण्यासाठी ४ वर्षांची सेवा, २ शोधनिबंध, बायोमेडिकल रिसर्चचा मूलभूत कोर्स आणि वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत कोर्स अशा अटी घातल्या. निबंध मेडलाइन, स्कोपस, डीओएजे अशा ठरावीक सूच्यांमधल्याच नियतकालिकातला हवा. मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू किंवा केस सिरीज (एकसारख्या अनेक रुग्णांची एकत्र मांडणी) चालते. एकट्या रुग्णाची केस रिपोर्ट धरत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे हौसेनं चार केस रिपोर्ट छापून आणलेले आणि मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात डोक्याला हात लावून बसलेले लोक मी पाहिलेत. नियम बदलत असतात. २०२५मध्ये नवी नियमावली आली आणि १० वर्षं अनुभव असलेल्या शासकीय रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना थेट सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट मिळाली. तुमच्या सहायकांनी तुम्हाला ‘मग आम्ही इथे घासतोय कशाला?’ असं विचारलं असेल, तर त्यांची चूक नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका. मूळ राजपत्र उतरवून विभागात लावा.

रिसर्चचा तो कोर्स चेन्नईची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी चालवते, नोंदणी एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर होते, शिकणं ऑनलाइन. अवघड नाही. अडचण फक्त एवढीच, की ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणत माणसं तीन वर्षं घालवतात. विभागात रुजू झालेल्यानं पहिल्या वर्षात तो संपवायचा, असा पायंडा पाडा. परीक्षेच्या दिवशी इमर्जन्सी लावू नका. हसू नका, लावतात.

नावांचा क्रम मात्र नाजूक विषय आहे, आणि तुमच्यासाठी जास्तच. २०२२च्या त्या नियमावलीनुसार निबंध धरायचा तर तुमचं नाव पहिल्या तिघांत हवं किंवा तुम्ही करस्पाँडिंग ऑथर (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक) हवेत. तुम्ही स्वतः सहयोगी आहात. प्राध्यापक होण्यासाठी तुम्हालाही निबंध हवेत. म्हणजे एकाच पाटावर तुम्ही आणि तुमचे ज्युनियर, आणि वाढणारेही तुम्हीच. बहुतेक ठिकाणी काय होतं? साहेबांचं नाव पहिलं, थिसिस करणारा पीजी (एमडीचा विद्यार्थी) दुसरा, साहेबांचे मित्र तिसरे, आणि ज्या मुलीनं संध्याकाळी बसून आकडे जुळवले ती चौथी. चौथ्या नावाला या हिशेबात किंमत शून्य. ज्येष्ठ म्हणून कोणाचंही नाव घालणं हे जेवणावळीतलं मानाचं पान झालं. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीनं लेखकपणाच्या चार कसोट्या घातल्यात: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्त करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. चारही लागतात. खोलीचा पंखा दुरुस्त करून दिला म्हणून कोणी लेखक होत नाही.

सुदैवानं नियमातच वाट आहे. करस्पाँडिंग ऑथर शेवटच्या नावाचा असला तरी त्याचा निबंध धरला जातो. म्हणजे खरोखर मार्गदर्शन केलं असेल तर तुम्ही शेवटी उभे राहा, करस्पाँडिंग व्हा, आणि पुढच्या तीन जागा काम करणाऱ्यांसाठी सोडा. तुमचंही भागतं, त्यांचंही. फक्त हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहा, नैतिकता समितीला प्रस्ताव जायच्या आधी. नंतर लिहायला बसलात तर भांडणंच होतील.

‘इथे संशोधन कुठून आणायचं, लॅब नाही, फंड नाही’ असं तुमचे लोक म्हणणार. त्यांना आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगा. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या डोळ्यांदेखत लाल विंचवाच्या दंशानं माणसं, मुलं दगावत होती. त्यांनी लक्षणं टिपून ठेवली, हृदयावर काय होतं ते पाहिलं, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन देऊन पाहिलं. १९८६मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२मध्ये पद्मश्री मिळाली ती या कामाच्या वाटेवर. तिथे कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची सोय) नव्हती. रोजच्या रुग्णाकडे नीट बघणारा एक माणूस होता आणि एक वही. ‘बाँबे ब्लड ग्रूप’ हा दुर्मीळ रक्तगटसुद्धा १९५२मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिसरातच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना सापडला. रक्त जुळत नव्हतं, म्हणून ते का जुळत नाही एवढंच त्यांनी विचारलं. तुमच्या वॉर्डात पावसाळाभर सर्पदंश येतात. शेतीची औषधं प्यायलेले येतात. स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) येतो, आणि तो आधी डेंग्यू म्हणून हाताळला जातो. हे पुण्या-मुंबईच्या कॉर्पोरेट रुग्णालयात या संख्येनं दिसणार नाही. तुमची श्रीमंती तीच आहे. नोंद मात्र पहिल्या दिवसापासून एकाच नमुन्यात हवी. नाहीतर तीन वर्षांनी केसपेपरांच्या गठ्ठ्यात वेळ जाईल आणि निम्म्या ठिकाणी सर्पदंशाची वेळच लिहिलेली नसेल.

आणि पीजींच्या थिसिस! दरवर्षी कपाटात बंद होतात. परीक्षा झाली की पीजी गावी जातो, गाइड पुढच्या थिसिसला लागतो, आणि दीड-दोनशे रुग्णांची माहिती धूळ खाते. तुमच्या त्या चौथ्या मुलीला मागच्या चार वर्षांच्या थिसिस वाचायला बसवा. कोणता प्रश्न अजून जिवंत आहे आणि कोणत्या आकड्यांवर विश्वास ठेवता येईल, हे तिला ठरवू द्या. मग त्या पीजीला फोन करा. त्याचं नाव पहिलं, तिचं दुसरं. परवानग्यांचे कागद तपासा, काही जुन्या कामांना ते अपुरे असतात, त्यांना हात लावू नका.

‘आठ दिवसांत पेपर, फी फक्त इतकी’ असे मेल तुमच्या इनबॉक्समध्येही येत असतील. नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावर ‘आम्ही स्कोपसमध्ये आहोत’ असं लिहिलेलं असणं हा पुरावा नाही. सूचीच्या पानावर जाऊन शोधायचं. हे काम ग्रंथपालांना सांगितलं तर ते आनंदानं करतात. त्यांना कोणी काही विचारत नाही ही त्यांचीही तक्रार असते.

सगळ्यांनाच संशोधक व्हायचं नसतं, हेही लक्षात असू द्या. एखादा मुलगा क्लिनिक घेताना असा रंगतो की इंटर्न उठत नाहीत. त्याला वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूला वाढू द्या. मुंबईत जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये फेमर या संस्थेची वैद्यकीय शिक्षकांसाठी दोन वर्षांची फेलोशिप आहे. त्यात स्वतःच्या महाविद्यालयात एक शैक्षणिक प्रकल्प करावा लागतो, आणि त्याचा निबंधही होतो. एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम २०१९पासून आला तेव्हापासून शिकवणं या विषयात अभ्यास करणाऱ्यांची गरज खरोखर वाढली. दुसऱ्या कोणाला हाताचं कौशल्य हवं असतं. इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकायची असेल तर दोन महिने सोडा. तुम्हाला दोन महिने जड जाईल, पण परत आल्यावर जिल्ह्यातले इको तुमच्याकडे होतील आणि तोही थांबण्याचा विचार करेल. तेव्हा प्रत्येकाला वर्षातून एकदा, बंद दारामागे, अर्धा तास विचारा: पाच वर्षांनी तुला काय करताना स्वतःला बघायचंय? उत्तर ‘माहीत नाही’ आलं तरी चालेल. पण तुमचं उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. ही आपली जुनी खोड.

आता ती चौथी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण लहान मूल असेल असा माझा अंदाज आहे, कारण पस्तिशीच्या आसपासच्या मुलीबद्दल ‘विचार करतेय’ हा शब्द अनेकदा तिथून येतो. अंदाज चुकला तर सोडून द्या. बरोबर असेल तर तुमची स्टाफ मीटिंग किती वाजता असते ते बघा. पाचला ठेवून ‘ज्याला यायचं तो येईल’ म्हणत असाल, तर कोण येणार नाही ते तुम्ही आधीच ठरवलेलं आहे. दुपारी दीडला ठेवा. आणि मुंबईच्या परिषदेला कोणाला पाठवायचं हा प्रश्न आला की ‘तिला जमणार नाही, पोर लहान आहे’ हे तिच्या वतीनं तुम्ही म्हणू नका. तिला विचारा, नाही म्हणायचं तर ती म्हणेल. माझ्या बाबतीत माझ्या सरांनी दयाबुद्धीनं चार वर्षं असे निर्णय घेतले. आजही मला त्याचा राग येतो, आणि ते चांगले गृहस्थ होते.

मार्गदर्शन पुष्कळ जण करतात. पण तिच्या अपरोक्ष तिचं नाव घेणारं कोणी असतं का? विद्यापीठात परीक्षकांची यादी होते, फिजिशियन्स असोसिएशनच्या राज्य परिषदेचे वक्ते ठरतात, संचालनालयाची एखादी समिती बनते. त्या खोलीत तुम्ही असता, ती नसते. ‘सर्पदंशावर आमच्याकडे एक आहे, तिला बोलवा,’ हे एक वाक्य तुम्ही वर्षातून तीनदा म्हणालात तरी पुष्कळ. एवढ्यासाठी शासन निर्णय लागत नाही.

हे सगळं करूनही ती जाईल कदाचित. पगाराचा फरक, नवऱ्याची नोकरी, मुलाची शाळा, दर १२० दिवसांनी नव्यानं आदेशाची वाट बघणं... याच्यापुढे एक मोकळी दुपार छोटीच. तिला खोटी आशा दाखवू नका. ‘कायम होईल लवकरच’ हे वाक्य विभागातून हद्दपार करा. ते तुम्हालाही कोणीतरी ऐकवलं होतं. ती निघालीच तर अनुभव प्रमाणपत्र त्याच आठवड्यात द्या, अर्धवट राहिलेल्या पेपरवर तिचा क्रम आहे तोच ठेवा, आणि गेलेल्या तिघांनाही एकदा फोन करा. का गेलात असं विचारा आणि मध्ये बोलू नका. गावात हॉस्पिटल टाकलेला तुमचा जुना सहकारी पीजींना आठवड्यातून एकदा शिकवायला आनंदानं येईल, असा माझा अनुभव आहे. त्याला चहा पाजा.

पत्राच्या शेवटी तुम्ही मंगळवारच्या दुपारचं लिहिलंय, फायलींवर सह्या करत बसता म्हणून. त्या सह्या बुधवारी सकाळी करा. मंगळवारची दुपार तिच्या नावानं रोस्टरवर घाला आणि फोनच्या रकान्यात स्वतःचा नंबर लिहा. अडीचला यूजींची बॅच वॉर्डात येते ना? त्यांचं क्लिनिक तुम्ही घ्या.